उजव्या बाजूचं झाकण

सोइलानं गाडी ढकलत आणली तेव्हा निकासियो दारातल्या पायरीवर बसून आंबा चोखत होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. सांतियागोतल्या तिवोली वस्तीच्या चढावर साइडकार लावलेली मोटरसायकल ढकलणं म्हणजे काय, ते ज्याच्या खांद्यांनी सोसलंय त्यालाच ठाऊक. आणि सोइला तर बासष्ट वर्षांची. मदतीला धावलेल्या दोघांना तिनं "व्हा बाजूला, ढकलाल कमी आणि आरसा मोडाल" म्हणून हाकलून दिलं होतं.

"कोम्पाय, आंबा ठेव आणि हात धू," ती म्हणाली. "करंट गेलाय."

"घरातला का गाडीतला?"

"घरातला काल गेला तो अजून आला नाही. आज गाडीतलाही गेला. दोघं मिळून पळाले असतील कुठंतरी."

सोइलाच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी निकासियोनं हातांवर धरलं होतं, तेव्हापासून तो तिचा कोम्पाय आणि ती त्याची कोमाय. आमच्याकडे हे नातं सख्ख्या नात्याहून चिवट. सख्ख्यांशी भांडता येतं, कोमायशी नाही. आणि सख्ख्यांशी भांडण्यात निकासियोनं आधीच हद्द केलेली होती.

गाडी सोइलाच्या नवऱ्याची, एव्हेलियोची. एका साली ऊसतोडीत पहिला आला म्हणून त्याला ती घ्यायचा मान मिळाला होता. चेकोस्लोव्हाकियाहून बोटीनं आलेली, अडीचशे सीसीची, एका सिलेंडरची, लालभडक. पुढं तो देशच नकाशावरून गेला, गेल्या वर्षी एव्हेलियोही गेला, गाडी मात्र राहिली. सोइलानं महिनाभर काळे कपडे घातले आणि एकतिसाव्या दिवशी हेल्मेट घातलं. बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावायचा तेवढा लावून घेतला, आणि मग त्याच बाया "बाजारापर्यंत सोडतेस का गं" म्हणत साइडकारमध्ये बसायला लागल्या.

"निघाली होतीस कुठं?" निकासियोनं विचारलं.

"तुला माहीत आहे कुठं."

माहीत होतं. सगळ्या उताराला माहीत होतं. निकासियोचा धाकटा भाऊ उलिसेस आज दुपारी दोनच्या बसनं कामाग्वेला मुलीकडे चालला होता, कायमचा. त्याला, त्याच्या ट्रंकेला आणि त्यांच्या आईच्या डुलत्या खुर्चीला स्टँडवर पोचवायचं सोइलानं कबूल केलं होतं. कार्निव्हल सहा आठवड्यांवर आलेला असताना सांतियागोचा माणूस गाव सोडतो, यावरून तो गावाला किती विटला असेल ते समजावं.

"त्याला चालत जाऊ दे. पाय धडधाकट आहेत."

"आणि खुर्ची?"

"खुर्ची आईची आहे. ती इथंच राहू दे."

"मग जा आणि माग त्याच्याकडे. चौदा घरं सोडून राहतो. वाट दाखवू?"

निकासियोनं कोयीवरचा शेवटचा धागा दातांनी ओढला, कोय उकिरड्यावर फेकली आणि हात धुतले.

ती चौदा घरं तो नऊ वर्षांत एकदाही चालला नव्हता. गेल्या आठवड्यात उलिसेस जाणार हे कळल्यापासून मात्र रोज संध्याकाळी तो मनातल्या मनात जाऊन येत होता. पायात चपला घालायचा, उंबऱ्यापर्यंत जायचा आणि मग वाटायचं, मी का? चोरी त्यानं केली. त्यानं एकदा, एकदाच "हो, मीच फेकली" म्हणावं, मी लगेच गळ्यात पडतो. मग चपला काढायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला हा माणूस. पण आज दोन वाजता बस सुटली की भाऊ गेला, आणि दोघांची वयं अशी की पुढची भेट कुणाच्या तरी पेटीशेजारीच व्हायची, हेही त्याला कळत होतं.

एवढं रामायण कशावरून, तर एका सोंगटीवरून.

त्यांच्या वडिलांनी बंदरावर हमाली करताना एका ग्रीक खलाशाकडून डॉमिनोचा खेळ मिळवला होता. अठ्ठावीस सोंगट्या, अस्सल बॅकेलाइटच्या, जुन्या चिंचेच्या रंगाच्या, वर पांढरे ठिपके. सगळ्या सांतियागोत त्या रंगाचा दुसरा खेळ नाही. पेरूच्या वडीच्या लाकडी खोक्यात त्या ठेवलेल्या असत. दर शनिवारी दुपारी चौकातल्या झाडाखाली टेबल पडायचं: निकासियो आणि एव्हेलियो एका बाजूला, उलिसेस आणि सापडेल तो चौथा दुसऱ्या बाजूला. सहा-सहाच्या सोंगटीला आमच्याकडे शवपेटी म्हणतात, कारण हातात अडकली की माणसाला पुरूनच सोडते. ती उलिसेसच्या कुंडलीतच होती. एका शनिवारी ती सलग तीन डाव त्याच्या हातात अडकली, तेव्हा त्यानं ती टेबलावर आपटली आणि म्हणाला, "हिला एक दिवस खाडीत बुडवतो की नाही बघा."

पुढच्या शनिवारी खोकं उघडलं, तर सोंगट्या सत्तावीस.

निकासियोनं मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि भर चौकात, गल्ली ऐकत असताना, भावाला म्हणाला, "बापाची वस्तू चोरलीस. चोर आहेस तू." उलिसेस म्हणाला, मी घेतली नाही. पुन्हा म्हणाला, मी घेतली नाही. तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही. स्वतःची खुर्ची उचलली आणि घरी गेला. त्या दिवसापासून खोकं पलंगाखाली आणि दोघं भाऊ दोन टोकांना.

"बंद कशी पडली?" आता निकासियोनं विचारलं.

"कोपऱ्यापर्यंत छान आली. मग एकदा फट् आवाज झाला आणि मेली. धक्का मारून उतारावर सोडली, तर नुसती खाली गेली. म्हणून तर पुन्हा वर ढकलावी लागली."

निकासियोनं प्लग काढला, वायरीच्या टोकाच्या टोपीत खोचला, सिलेंडरला टेकवून धरला आणि हातानंच किक दाबली. ठिणगी नाही. दुसरा प्लग लावून पाहिला. नाही. टोपी काढून नुसत्या वायरीचं टोक लोखंडापासून करंगळीच्या नखाएवढं लांब धरलं. तिथंही अंधार. हॉर्न दाबला, तर हॉर्ननं सगळ्या कुत्र्यांना उठवलं. म्हणजे बॅटरी शाबूत.

मग त्याचा हात सवयीनं स्क्रू ड्रायव्हरकडे आणि स्क्रू ड्रायव्हर इंजिनच्या उजव्या बाजूच्या झाकणाकडे गेला. सोइलानं फाडकन त्याच्या मनगटावर चापट मारली.

"ते नाही."

"अगं, पॉइंट त्याच्यामागंच असतात. ठिणगी गेली की पहिल्यांदा तिथंच बघतात."

"ते झाकण उघडायचं नाही. एव्हेलियोची शेवटची इच्छा आहे."

निकासियोनं स्क्रू ड्रायव्हर खाली केला. मरताना माणसं मुलांची काळजी करतात, देवाचं नाव घेतात. झाकणाची इच्छा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

"काय म्हणाला होता नक्की?"

सोइला जरा अवघडली. "म्हणाला, सोइला, उजव्या बाजूचं झाकण कुणाला उघडू देऊ नको. आणि निकासियोला तर अजिबात नाही."

हे निकासियोला लागलं. आधीच तिथं दुखरं होतं. मरेपर्यंतची शेवटची आठ वर्षं एव्हेलियो गाडीचं सगळं काम त्याच्याकडून करून घ्यायचा, चाकं, क्लच, पिस्टन. पण पॉइंटचं नाव काढलं की "ते माझं मी बघतो" म्हणायचा. निकासियोला वाटायचं, आपल्या हातावरचा याचा भरवसा उडाला. विचारलं कधी नाही. मानी माणसं विचारत नाहीत, नुसती कुढतात.

"ठीक आहे," तो म्हणाला. "झाकण न उघडता शोधतो. मग कळेल एव्हेलियोला, कुणाशी गाठ होती ते."

"त्याला आता काय कळणार."

"कळेल. तू मेणबत्ती लावतेस ना रविवारी, तेव्हा सांग."

त्यानं आपला दिवा आणला. दिवा कसला, जुन्या गाडीच्या मागच्या लाइटचा बल्ब, त्याला दोन वायरी आणि दोन चिमटे. एवढ्या सामग्रीवर त्यानं चाळीस वर्षं अर्धं शहर चालतं ठेवलं होतं. एक चिमटा इंजिनला लावला, दुसरा कॉइलच्या एका टोकाला. दिवा लागला.

"बघ, कॉइलपर्यंत वीज येतेय. चावी बरी, फ्यूज बरा, वायर बरी."

मग चिमटा कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, जिथून वायर झाकणामागं जाते. दिवा विझलेला. त्यानं किक हळूहळू दाबून इंजिन फिरवलं. दिवा विझलेलाच. पूर्ण एक फेरी, दोन फेऱ्या, नाव नाही.

"आता हे बघ, कोमाय. पॉइंट म्हणजे दोन ओठ. इंजिन फिरतं तसे ते उघडतात, मिटतात. उघडले की तेवढ्या क्षणी कॉइल ठिणगी फेकते. ओठ मिटलेले असले की माझा दिवा विझलेला, उघडले की पेटलेला. हा पेटतच नाही."

"म्हणजे ओठ मिटून बसलेत."

"आपल्या गल्लीत कुणाचेच इतका वेळ मिटत नाहीत. म्हणून मला शंका आहे."

कॉइलच मेली असेल, असंही होऊ शकत होतं. म्हणून त्यानं झाकणामागं जाणारी वायर सोडवली. दिवा लख्ख लागला, कॉइल जिवंत. कंडेन्सर आतून जळून वीज जमिनीत सोडत असेल, असंही होऊ शकत होतं. एव्हेलियोनं कंडेन्सर कधीतरी बाहेर, टाकीखाली आणून बसवला होता, वायर परत जोडून तोही सोडवून पाहिला. दिवा पुन्हा विझलेलाच. वायर कुठं सोलून लोखंडाला लागलेली असेल म्हणून ती बोटाबोटानं तपासली. सोइलानं मधे कॉफी केली, शेजारणीनं भात-उसळीचं ताट पाठवलं, ते थंड झालं. बारा वाजून गेले. जुन्या गाडीचा दोष आणि घरातलं भांडण सारखंच. सगळे कोपरे झाडून होतात आणि शेवटी ज्या दाराला हात लावायचा नाही तेच एक उरतं.

"झालं," निकासियो उठत म्हणाला. "आता दोष जगात एकाच जागी असू शकतो. आणि ती जागा तुझ्या नवऱ्यानं मृत्युपत्रात घातलीय."

सोइलानं घड्याळ बघितलं, गाडीकडे बघितलं आणि छातीवर क्रूस काढला. "एव्हेलियो, माफ कर रे बाबा. बस चुकली तर तुझी इच्छा घेऊन काय करू. उघड, कोम्पाय."

झाकणाचे स्क्रू सैल होऊन बाहेर आले. निकासियोनं ते एकेक करून ताटाच्या कडेला ठेवले, झाकण उचललं, वाकून आत बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला.

पॉइंटच्या हलत्या ओठाला एक टाच असते, नखाएवढी. इंजिनच्या दांड्यावरचा उंचवटा फिरताना तिला ढुशी देतो तेव्हा ओठ उघडतो. टाच अशा वस्तूची लागते जिच्यातून वीज जात नाही आणि जी झिजतही नाही. ही टाच मधोमध मोडली होती. एक तुकडा ओठाला रिव्हेटनं चिकटून होता, दुसरा खाली ग्रीसमध्ये पडला होता. ग्रीसमधला तुकडा त्यानं उचलला, शर्टाला पुसला आणि उन्हात धरला.

रंग जुन्या चिंचेचा होता. जिथं मोडला होता तिथं अर्धा पांढरा ठिपका होता.

"काय झालं?" सोइला म्हणाली. "भूत बघितल्यासारखा काय करतोस?"

"कोमाय," तो म्हणाला. "एव्हेलियो सुटे भाग कशात ठेवायचा?"

बिस्किटाचा डबा साइडकारच्या सीटखाली होता. स्प्रिंगा, वायसर, दोन जुने प्लग आणि तळाशी पायमोज्याच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं. सोइलानंच सोडलं. अर्धी सोंगटी, सहा ठिपक्यांची, तिला लागून मधल्या रेघेजवळची बोटभर पट्टी, आणि कडेला करवतीची खूण.

सोइला खाली बसली. बाईला गाड्यांतलं सगळं कळत नसेल, पण ती शनिवारी त्या झाडाखाली कॉफी घेऊन हजर होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

"मेल्या," ती शेवटी म्हणाली, आणि हे ती मेलेल्यालाच म्हणत होती. "आठ वर्षं माझ्या शेजारी घोरत पडलास आणि एक शब्द बोलला नाहीस? या दोघांच्या मधे बसून दोघांची गाऱ्हाणी ऐकलीस? उकरून काढीन तुला मी आणि विचारीन."

निकासियो मात्र एव्हेलियोवर रागावू शकत नव्हता, कारण त्याला आता सगळं आठवत होतं. सोंगटी जायच्या काही दिवस आधीचीच गोष्ट. एव्हेलियो टेबलावर रडगाणं गात होता: पॉइंटची टाच टिकत नाही, लाकडाची केली, दातांच्या ब्रशच्या दांड्याची केली, महिन्यात झिजते. आणि निकासियोनं, दोन पेले पोटात असल्यामुळं, हातातली सोंगटी टेबलावर वाजवून सांगितलं होतं, "अरे, याला म्हणतात बॅकेलाइट. याची टाच कर, तुझ्यानंतरही चालेल." कोणती सोंगटी वाजवली होती ते आठवत नव्हतं. जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. एव्हेलियो बिचारा साधा माणूस. जिला सगळे शिव्या देतात, जी एकजण बुडवायलाच निघालाय, ती नाहीशी झाली तर कोण रडणार, एवढाच हिशेब त्यानं केला असणार. मग चौकात तो स्फोट झाला आणि त्याची वाचाच बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली ती निकासियोनं, आणि चोराला घर दाखवलं तेही निकासियोनंच.

"तुझ्यानंतरही चालेल," तो पुटपुटला. "चालली की रे. चौदा महिने जास्त चालली."

"आता काय करायचं?" सोइलानं विचारलं.

"नवी टाच करायची. काय करायचं म्हणजे?"

"मी गाडीचं विचारत नव्हते," सोइला म्हणाली.

निकासियोनं कानस उचलली. सहा ठिपक्यांचा भाग त्यानं बाजूला कापून ठेवला आणि रेघेजवळची सपाट पट्टी घेतली. ठिपका म्हणजे खड्डा आणि खड्डा म्हणजे तडा. एव्हेलियोनं ठिपक्यातूनच टाच कापली होती, म्हणून ती तिथंच मोडली. कोरी-कोरीची सोंगटी चोरली असतीस तर अजून दहा वर्षं पकडला गेला नसतास, असं निकासियो मनात त्याला म्हणाला.

तो घासत असतानाच उतारावरून उलिसेस आला. अकराला न्यायला येते म्हणालेली सोइला साडेबारा वाजले तरी आली नाही, म्हणून स्वतःच निघालेला. डोक्यावर उलटी डुलती खुर्ची, हातात ट्रंक. गाडी कुठं उभी आहे ते बघून तो रस्त्यातच थांबला.

"सोइला," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "गाडी इथं का?"

"आजारी पडली."

"दुसरा डॉक्टर नव्हता?"

"कोमाय," निकासियो कानशीकडे बघत म्हणाला, "त्याला सांग, उजेडातून बाजूला हो."

"सोइला, त्याला सांग, उजेड कुणाच्या बापाचा नाही."

"आहे की," सोइला म्हणाली. "तुमच्या दोघांचा बाप एकच होता. आणि मी टेलिफोन नाही. बोलायचं ते तोंडानं एकमेकांशी बोला, नाहीतर मी जाते ताट घासायला."

ती गेली मात्र नाही. अशा वेळी कोण जातं?

निकासियोनं कानस खाली ठेवली. हाताला बारीक लाल भुकटी लागली होती.

"उलिसेस," तो म्हणाला. नऊ वर्षांत हे नाव त्यानं पहिल्यांदा उच्चारलं होतं आणि ते तोंडात परकं वाटलं. "खुर्ची ठेव. हात पुढं कर."

उलिसेसनं खुर्ची ठेवली. हात पुढं केला नाही. मग केला. निकासियोनं त्यावर मोडकी टाच आणि सहा ठिपक्यांचा तुकडा ठेवला आणि झाकणाची सगळी कथा सांगितली, स्वतःच्या फुशारकीसकट, एक शब्द न गाळता.

"तू चोर नव्हतास," तो शेवटी म्हणाला. "मी तुला भर चौकात चोर म्हटलं. विचारलं नाही, ऐकलं नाही. तू दोनदा सांगितलंस. चूक माझी आहे, सगळी माझी. माफ कर म्हणायला तोंड नाही, पण म्हणतो. माफ कर मला."

उलिसेस ट्रंकेवर बसला. तळहातावरच्या तुकड्यांकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. सोइला त्याच्यासाठी पाणी आणायला उठली, तोवर लक्षात आलं की हा रडत नाहीये, हसतोय. म्हणजे डोळ्यांतून पाणीही येत होतं, पण हसणं जास्त होतं.

"निको," तो म्हणाला. लहानपणी तो भावाला निको म्हणायचा. "त्या शनिवारी सकाळी तू मासळी आणायला गेला होतास. आठवतं?"

"नाही."

"मला आठवतं. कारण तू गेलास आणि मी तुझ्या मागच्या दारानं आत आलो. खोकं काढलं. सहा-सहा खिशात घालायची आणि सरळ जाऊन खाडीत बुडवायची, असं ठरवूनच आलो होतो. खोकं उघडलं, तर ती नाही."

निकासियो त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"मला वाटलं, तू मला ओळखून आधीच लपवलीस," उलिसेस म्हणाला. "आणि दुपारी तूच मला चोर म्हणालास. म्हणून मला इतका संताप आला. चोरी करायची राहिली ती राहिलीच, वर चोर ठरलो."

म्हणजे संन्यासीही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. सोइला इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं, आणि मग ती दोघांनाही शिव्या द्यायला लागली. नऊ वर्षं तिनं दोन घरांत दोन वेगवेगळ्या दिवशी नाताळचं डुकराचं मांस पोचवलं होतं.

"घड्याळ बघा," उलिसेस तुकडे भावाला परत देत म्हणाला. "एक वाजला."

टाच झाली. निकासियोनं तिला भोक पाडलं, तांब्याच्या तारेचा रिव्हेट ठोकला, पॉइंट जागी बसवले आणि फट मोजायची पट्टी सरकवली. उलिसेसनं न सांगता किक हळूहळू दाबली, लहानपणी वडिलांच्या सायकलचं पेडल धरायचा तशी. ओठ उघडला, मिटला, उघडला. दिवाही बरोबर त्याच तालात लागला, विझला, लागला.

"आता ठिणगी बघू," उलिसेस म्हणाला. "प्लग कुठंय?"

"प्लग नको." निकासियोनं टोपी काढलेल्या वायरीचं टोक उजव्या हातात धरलं आणि डावा हात सिलेंडरवर टेकवला. "नऊ वर्षं झाली. नऊ किका मार."

"वेडा आहेस का? अडुसष्ट वर्षांचा आहेस."

"दर पावसाळ्यात चार वेळा तरी बसतोच धक्का. मार."

उलिसेसनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. "हा माझ्या मुलीच्या लग्नाचा," तो म्हणाला. "सगळं तिवोली आलं होतं, तू नाही आलास." आणि किक मारली.

निकासियोचा हात खांद्यापर्यंत उडाला. "ठिणगी आहे," तो दात आवळून म्हणाला.

"हा माझ्या ऑपरेशनचा." किक. "हा आईच्या थडग्याचा. मी सकाळी फुलं ठेवायचो, तू संध्याकाळी." किक. निकासियोच्या तोंडून अशी शिवी गेली की समोरच्या घरातली पोरं टाळ्या पिटायला लागली.

"हा एव्हेलियोच्या मातीचा," उलिसेस म्हणाला, पण पाय किकवरच राहिला. "पेटीच्या एका बाजूला तू होतास, एका बाजूला मी. आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून वर्षानुवर्षं खेळलेली माणसं आपण, एकमेकांकडे बघितलं नाही." त्यानं किक मारली, पण अर्ध्याच जोरानं. मग पाय काढून घेतला. "बस. उरलेल्या पाच नंतर. बस चुकेल."

गाडी पहिल्या किकेत सुरू झाली. निळा धूर पसरला, कुत्री पळाली, वर कुणीतरी खिडकी आपटली. सोइला चालवायला, उलिसेस साइडकारमध्ये ट्रंक मांडीवर घेऊन, आणि मागच्या सीटवर निकासियो, डोक्यावर आईची खुर्ची उलटी धरून. ती वरात सांतियागोनं बघितली आणि बरेच दिवस सांगितली.

स्टँडवर खुर्चीवरून वाद झाला. बसवाला म्हणाला, खुर्चीला जागा नाही. उलिसेस म्हणाला, मग मलाही नाही. निकासियो म्हणाला, खुर्ची माझ्याकडे राहू दे, तू येशील तेव्हा बस तिच्यात.

"मी कायमचा चाललोय," उलिसेस म्हणाला. पण सकाळपर्यंत हे वाक्य जसं यायचं तसं ते आता आलं नाही. त्याचं त्यालाही ते कळलं असावं, कारण तो पायरीवर चढता चढता थांबला.

निकासियोनं खिशातून सहा ठिपक्यांचा तुकडा काढला आणि भावाच्या शर्टाच्या खिशात घातला. हात अजून धक्क्यांनी बधिर होता, त्यामुळं बटण लावायला वेळ लागला.

"घे. तुझीच आहे ती. बुडव कुठं बुडवायची तिथं."

"कामाग्वेला कुठली खाडी, निको? तिथं समुद्रच नाही."

"माहीत आहे," निकासियो म्हणाला. "म्हणूनच देतोय."